छायाचित्र निघाले, पुढे काय?

मधुमेहामुळे जाणारी दृष्टी बहुतांशी वाचवता येते, हे वैद्यकशास्त्राला जवळजवळ अर्ध्या शतकापासून ठाऊक आहे. अमेरिकेत १९७१ साली सुरू झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९७६ साली जाहीर झाले आणि लेझर उपचाराने गंभीर दृष्टिहानीचा धोका निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो, हे सिद्ध झाले. पुढे डोळ्यात टोचण्याची परिणामकारक औषधे आली. गेल्या दहा वर्षांत तर डोळ्याच्या आतील पडद्याचे छायाचित्र पाहून काही क्षणांत निष्कर्ष सांगणाऱ्या संगणकप्रणालीही आल्या. तरीही भारतासह आशिया आणि आफ्रिकेतील अनेक देशांत ऐन कर्त्या वयातील माणसे या विकाराने दृष्टी गमावत आहेत. उपाय माहीत आहे, साधन उपलब्ध आहे आणि तरीही हानी थांबत नाही, ही विसंगती कशामुळे निर्माण झाली, याचा शोध घेणे आवश्यक आहे.

या प्रश्नाचे प्रचलित उत्तर असे की, गरीब देशांत नेत्रतज्ज्ञ अपुरे आहेत, त्यामुळे तपासणी होत नाही. तेव्हा तपासणीचे काम यंत्राकडे सोपवले की प्रश्न सुटेल. या उत्तरात तथ्य आहे. पण ते अर्धेच आहे. तपासणी ही एका लांब साखळीची पहिली कडी आहे. पुढच्या कड्या जोडल्याशिवाय केवळ पहिली कडी भक्कम केली, तर आकडेवारी सुधारते, दृष्टी मात्र वाचत नाही. गेल्या काही वर्षांतील अनुभव नेमके हेच सांगतो.

वेदनेविना वाढणारा विकार

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की डोळ्याच्या आतील दृष्टिपटलाला रक्त पुरवणाऱ्या अतिसूक्ष्म वाहिन्या कमकुवत होतात. त्यांतून द्राव पाझरतो आणि दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज येते. काही वाहिन्या बंद पडतात. त्यांची उणीव भरून काढण्यासाठी नव्या, पण अत्यंत नाजूक वाहिन्या फुटतात. त्या फाटून डोळ्यात रक्तस्राव होतो किंवा त्यांच्या ओढीने पडदाच सुटतो. वैद्यकीय परिभाषेत यालाच ‘डायबेटिक रेटिनोपॅथी’ म्हणतात. या साऱ्या प्रवासात डोळा दुखत नाही, लाल होत नाही आणि बराच काळ दिसण्यातही फरक पडत नाही. रुग्णाला काहीतरी बिघडल्याची जाणीव होते, तेव्हा उपचारांची सर्वांत अनुकूल वेळ बहुधा निघून गेलेली असते. म्हणूनच तक्रार नसताना तपासणी करणे, हाच या विकारावरील उपाययोजनेचा पाया आहे.

प्रश्नाचा आवाका मोठा आहे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात ५८ कोटी ९० लाख प्रौढांना मधुमेह होता आणि त्यांतील दर पाचांपैकी चारांहून अधिक जण अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहत होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचे सांगितले. या पाहणीत सर्वाधिक प्रमाण गोव्यात, म्हणजे २६.४ टक्के आढळले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका राष्ट्रीय अभ्यासात चाळिशीपुढील मधुमेहींपैकी १२.५ टक्क्यांच्या दृष्टिपटलावर विकाराच्या खुणा आढळल्या, तर ४ टक्के रुग्णांमध्ये हा विकार दृष्टी जाण्याइतपत पुढे गेलेला होता. देशाच्या लोकसंख्येचा विचार करता ही संख्या तीस लाखांच्या घरात जाते.

याहून अस्वस्थ करणारी बाब वेगळीच आहे. २०१५ ते २०१९ या काळात पन्नाशीपुढील नागरिकांची जी राष्ट्रीय पाहणी झाली, तिच्यात आपल्याला मधुमेह आहे हे ठाऊक असलेल्या दर दहांपैकी सुमारे नऊ जणांनी या विकारासाठी डोळे एकदाही तपासून घेतले नव्हते. म्हणजे ही माणसे डॉक्टरांकडे जात होती, गोळ्या घेत होती, साखर मोजत होती; परंतु त्यांना डोळे तपासण्यास कोणी सांगितले नव्हते किंवा सांगूनही ते जमले नव्हते.

इंग्लंडने काय साधले?

ज्या देशांनी हा प्रश्न आटोक्यात आणला, त्यांच्याकडे पाहिले की यशाचे मर्म लक्षात येते. इंग्लंडमध्ये २००३ पासून मधुमेहींच्या डोळ्यांच्या नियमित तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम टप्प्याटप्प्याने सुरू झाला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवून दिले की, किमान पाच दशकांत प्रथमच इंग्लंड व वेल्समधील कर्त्या वयातील नोंदणीकृत अंधत्वाच्या कारणांत मधुमेही दृष्टिपटलविकार पहिल्या क्रमांकावर राहिला नाही. या बदलामागे तपासणीबरोबरच साखरेचे सुधारलेले नियंत्रणही असावे, असे अभ्यासकांनी म्हटले.

तिथल्या कार्यक्रमात वापरला जाणारा कॅमेरा असामान्य नाही. असामान्य आहे ती त्याभोवतीची व्यवस्था. प्रत्येक मधुमेहीचे नाव नोंदवहीत आहे, त्याला ठरलेल्या वेळी बोलावणे जाते, तो न आल्यास पुन्हा कळवले जाते, तपासणीला पैसे पडत नाहीत आणि दोष आढळल्यास लेझर वा इंजेक्शन देणारे रुग्णालय ठरलेले असते. विल्सन आणि युंगनर या तज्ज्ञांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी रोगतपासणीची जी तत्त्वे मांडली, त्यांत निदानाची व उपचारांची सोय उपलब्ध असणे ही एक प्रमुख अट होती. अर्थ सरळ आहे. ज्याच्यावर उपचार करण्याची तयारी नाही, असा रोग शोधत फिरणे हे रुग्णावर केलेले उपकार नव्हेत.

यंत्राचा डोळा

या पार्श्वभूमीवर यंत्राने दिलेल्या आशेकडे पाहावे लागते. २०१६ च्या अखेरीस गूगलच्या संशोधकांनी सव्वा लाखाहून अधिक छायाचित्रांवर शिकवलेली संगणकप्रणाली नेत्रतज्ज्ञांच्या तोडीचे निदान करते, असे जाहीर केले. या छायाचित्रांचा मोठा भाग भारतीय रुग्णालयांतून आलेला होता. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने, डॉक्टरच्या दुजोऱ्याशिवाय निष्कर्ष देणाऱ्या अशा पहिल्या प्रणालीला मान्यता दिली.

मुंबईचाही या प्रवासात वाटा आहे. बृहन्मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत येणाऱ्या मधुमेहींवर, स्मार्टफोनला जोडलेल्या कॅमेऱ्याच्या आणि इंटरनेटविना चालणाऱ्या प्रणालीच्या साह्याने एक अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. सुमारे दोनशे रुग्णांच्या या छोट्या अभ्यासात, पुढील उपचारांसाठी पाठवण्याजोगा एकही रुग्ण प्रणालीच्या नजरेतून सुटला नाही. मात्र ज्यांना पाठवण्याची गरज नव्हती, अशा दर शंभरांपैकी सुमारे बारा जणांनाही तिने संशयित ठरवले. नंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये गूगलने भारत आणि थायलंडमधील भागीदार संस्थांना आपले तंत्र देऊ केले आणि दहा वर्षांत साठ लाख तपासण्या रुग्णांकडून मोबदला न घेता करण्याचा संकल्प सोडला.

हे आकडे भारावून टाकणारे आहेत. पण प्रयोगशाळेतील अचूकता आणि दवाखान्यातील उपयुक्तता यांत किती अंतर असते, याचा धडा थायलंडने आधीच दिलेला आहे.

थायलंडचा धडा

थायलंडमध्ये सुमारे ४५ लाख मधुमेहींमागे दीड हजार नेत्रतज्ज्ञ आणि त्यांत दृष्टिपटलाचे विशेषज्ञ अवघे दोनशे, अशी स्थिती होती. गूगलच्याच संशोधकांनी पथुम थानी आणि चियांग माई या प्रांतांतील अकरा दवाखान्यांत आपल्या प्रणालीचा प्रत्यक्ष वापर कसा होतो, याचे निरीक्षण केले आणि २०२० साली ते प्रामाणिकपणे मांडले. पहिल्या सहा महिन्यांत काढलेल्या १,८३८ छायाचित्रांपैकी २१ टक्के छायाचित्रे प्रणालीने पुरेशी स्पष्ट नसल्याचे सांगून नाकारली. दवाखान्यात अंधारी खोली नसणे, हे त्यामागचे एक साधे कारण होते. एका ठिकाणी इंटरनेट दोन तास बंद पडले आणि त्या दिवशी दोनशेऐवजी शंभरच रुग्णांची तपासणी होऊ शकली.

त्याहून बोलकी गोष्ट परिचारिकांच्या वागण्यात होती. छायाचित्र नाकारले गेले की रुग्णाला दूरच्या रुग्णालयात पाठवावे लागे. त्यासाठी एक दिवसाचा रोजगार बुडणार, वाहनाची सोय करावी लागणार, सोबत कुणीतरी न्यावे लागणार, हे परिचारिकांना पक्के ठाऊक होते. म्हणून काही परिचारिका रुग्णांना या अभ्यासात भागच न घेण्याचा सल्ला देत. त्यांनी यंत्राला विरोध केला असे म्हणता येणार नाही. यंत्राच्या निर्णयाची किंमत कोणाला मोजावी लागते, हे त्यांनी यंत्र बनवणाऱ्यांच्या आधी ओळखले होते. पुढे २०२२ साली त्याच देशातील नऊ प्राथमिक केंद्रांत साडेसात हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या अभ्यासात प्रणालीची अचूकता ९४.७ टक्के आढळली. यंत्राची क्षमता सिद्ध झाली. रुग्णाच्या वाटेवरील अडचणी मात्र यंत्राच्या कक्षेबाहेरच राहिल्या.

रांगेचे गणित

या अडचणींचे स्वरूप एका ढोबळ उदाहरणाने स्पष्ट व्हावे. समजा, एखाद्या तालुक्यात एक हजार मधुमेहींची छायाचित्रे काढली आणि त्यांपैकी सत्तर जणांना खरोखर तज्ज्ञाकडे पाठवण्याची गरज आहे. दर दहांतील एक छायाचित्र अस्पष्ट निघाले, असे धरल्यास शंभर जणांना केवळ त्या कारणासाठी पाठवावे लागेल. उरलेल्या नऊशेंमध्ये खरे रुग्ण त्रेसष्ट. मुंबईच्या अभ्यासातील प्रमाण लावल्यास निरोगी असूनही संशयित ठरणारे आणखी सत्त्याण्णव. एकूण २६० जण जिल्ह्याच्या रुग्णालयाच्या दारात उभे राहतील. त्यांपैकी गरजू जेमतेम चौथा हिस्सा.

अस्पष्ट छायाचित्रांची ही शंभर माणसे अगदीच व्यर्थ पाठवली जातात असे नाही. त्यांतील अनेकांना मोतीबिंदू असतो आणि त्यावर शस्त्रक्रिया करता येते. तरीही प्रश्न उरतोच. जिल्हा रुग्णालयात दृष्टिपटल तपासणारा तज्ज्ञ आठवड्यातून किती दिवस असतो? लेझरचे यंत्र चालू स्थितीत आहे का? बुबुळाची बाहुली विस्फारण्यासाठी थेंब घातल्यावर रुग्णाला काही तास धूसर दिसते. मग तो एकटा एसटीने गावी परतणार कसा? ‘काही नाही, जा’ असे ऐकून परतलेल्या शेजाऱ्याची हकिकत गावात पसरली, तर खरोखरच गरज असलेला माणूस पुढच्या वेळी निघेल का? तपासणी कार्यक्रमाचे भवितव्य या प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते.

रवांडाच्या अनुभवातून यावर काही प्रकाश पडतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या एका चाचणीत रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला प्रणालीचा निष्कर्ष आणि त्यावरील सल्ला तिथल्या तिथे मिळाला. दुसऱ्या गटाला तज्ज्ञाने छायाचित्र पाहिल्यानंतर काही दिवसांनी कळवण्यात आले. पहिल्या गटातील ५१.५ टक्के रुग्ण पुढील उपचारांसाठी गेले, दुसऱ्या गटातील ३९.६ टक्के. समोरासमोर, ताबडतोब सांगितलेल्या गोष्टीचे वजन वेगळे असते, हे यातून दिसले. यंत्राचा खरा लाभ हाच असू शकतो. परंतु याच आकड्याची दुसरी बाजू अशी की, सर्व काही सुरळीत होऊनही जवळजवळ निम्मे रुग्ण पोहोचले नाहीतच.

मोतीबिंदूची सवय

भारतातील अडचण आणखी खोलवर आहे. १९७६ साली आपण राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साह्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू शस्त्रक्रियांचा मोठा प्रकल्प राबवण्यात आला. नेत्रशिबिरे भरली, उद्दिष्टे ठरली, स्वयंसेवी संस्था पुढे आल्या आणि लाखो लोकांना पुन्हा दिसू लागले. ही कामगिरी निःसंशय अभिमानास्पद आहे. पण तिने आपल्या नेत्रसेवेला एक सवयही लावली. मोतीबिंदूचा रुग्ण एकदा येतो, एका शस्त्रक्रियेनंतर त्याला दिसू लागते, तो आनंदाने घरी जातो आणि अहवालात एक आकडा वाढतो.

मधुमेहाने बिघडलेल्या डोळ्याचा हिशेब असा मांडता येत नाही. इथे रुग्णाला आज नीट दिसत असते. उपचारानंतर दृष्टी सुधारेलच असे नाही, बहुधा आहे ती टिकते. जे घडले नाही त्याबद्दल समाधान मानायचे असते. शिवाय हा उपचार एका दिवसात संपत नाही. वर्षानुवर्षे यावे लागते. ‘शिबिरात इतक्या हजार मधुमेहींची नेत्रतपासणी’ अशा बातम्या आपण वाचतो, तेव्हा त्यांतील किती जणांना लेझरची गरज होती, किती जणांना ते मिळाले आणि वर्षभराने किती जण परत आले, हे आकडे त्या बातमीत नसतात. ते विचारले जात नाहीत, म्हणून नोंदलेही जात नाहीत.

उपचारांच्या निवडीतही ही बाब महत्त्वाची ठरते. दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज आल्यास डोळ्यात टोचण्याची औषधे मोलाची आहेत. बेव्हासिझुमॅब हे त्यांतील स्वस्त औषध जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत समाविष्ट केले. रॅनिबिझुमॅबचे देशी बनावटीचे पर्यायी औषधही भारतात २०१५ पासून मान्यताप्राप्त आहे. पण ही इंजेक्शने पुनःपुन्हा घ्यावी लागतात. नव्या नाजूक वाहिन्या फुटलेल्या ज्या रुग्णांना केवळ इंजेक्शने दिली आणि जे नंतर सहा महिन्यांहून अधिक काळ फिरकलेच नाहीत, त्यांची अवस्था लेझर घेतलेल्या रुग्णांपेक्षा वाईट झाल्याचे अमेरिकेतील एका अभ्यासाने २०१९ साली दाखवले. जिथे रुग्ण परत येईल याची शाश्वती नाही, तिथे जुने लेझर अधिक विश्वासाचे ठरते. आधुनिक तेच उत्तम, हा समज गरीब रुग्णाला महागात पडू शकतो.

काय करता येईल?

उपाय अशक्यप्राय नाहीत. मदुराईत १९७६ साली डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी अवघ्या अकरा खाटांनिशी सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने ग्रामीण भागांत दृष्टिकेंद्रांचे जाळे उभारले. तिथे प्रशिक्षित तंत्रज्ञ डोळे तपासतात आणि मुख्य रुग्णालयातील डॉक्टर दूरसंवादाद्वारे त्याच भेटीत रुग्णाशी बोलतात. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील सरकारी कुटुंब आरोग्य केंद्रांत परिचारिकांनी छायाचित्रे काढायची आणि तज्ज्ञांनी ती दुरून पाहायची, अशी ‘नयनामृतम्’ योजना राबवण्यात आली. जिथे मधुमेहाची गोळी मिळते तिथेच डोळ्याचे छायाचित्र निघावे, हे त्यामागील सूत्र आहे. रुग्ण तिथे येतोच. त्याला वेगळ्या दिवशी, वेगळ्या ठिकाणी बोलावण्याचे कारण नाही.

यंत्राची योग्य जागाही इथेच आहे. संशयित ठरलेल्या प्रत्येकाला थेट जिल्ह्याला पाठवण्यापूर्वी त्याचे छायाचित्र एखाद्या प्रशिक्षित माणसाने दुरून पुन्हा पाहिले, तर वर मांडलेल्या गणितातील निष्कारण फेऱ्या मोठ्या प्रमाणात टळतील. अस्पष्ट छायाचित्र निघाल्यास थेंब घालून ते पुन्हा काढता येते. ज्यांच्या डोळ्यांत काहीच दोष नाही, त्यांना दरवर्षी बोलावण्याचीही गरज नसते. इंग्लंडने ऑक्टोबर २०२३ पासून कमी जोखमीच्या रुग्णांसाठी तपासणीचे अंतर दोन वर्षांचे केले. श्रीमंत देशाला जी काटकसर परवडते, ती गरीब देशाने करण्यात कमीपणा नाही. त्यातून वाचलेला वेळ आणि पैसा उपचारांकडे वळवता येईल.

सर्वांत महत्त्वाचा बदल मोजमापाचा आहे. एखाद्या जिल्ह्याने किती छायाचित्रे काढली, यापेक्षा दृष्टीला धोका असलेल्या किती रुग्णांना तीन महिन्यांच्या आत उपचार मिळाले, हा आकडा दरवर्षी जाहीर व्हावा. तो आकडा मागितला की नोंदवही आपोआप लागेल, आशा कार्यकर्तीकडे पाठपुराव्याची यादी जाईल आणि बंद पडलेले लेझरयंत्र दुरुस्त करण्याची निकडही कोणाला तरी भासेल. कॅमेरे विकणारे आणि प्रणाली पुरवणारे यांच्याशी करार करतानाही हीच अट घातली जावी. साठ लाख तपासण्यांच्या संकल्पाचे स्वागत करताना साठ लाखांमागे उपचारांची किती क्षमता उभी केली जाणार आहे, हे विचारणे म्हणजे कृतघ्नता नव्हे.

शहरी मध्यमवर्गालाही या प्रश्नापासून अलिप्त राहता येणार नाही. घरातील मधुमेही आईवडिलांच्या साखरेचे आकडे आपल्याला तोंडपाठ असतात. त्यांचे दृष्टिपटल शेवटचे कधी तपासले, हे मात्र फार थोड्यांना सांगता येईल. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे. आणि ज्यांना खासगी नेत्रतज्ज्ञ सहज गाठता येतो, त्यांची ही स्थिती असेल, तर पालिकेच्या दवाखान्यातून गोळ्या घेऊन परतणाऱ्या बांधकाम मजुराची किंवा घरकाम करणाऱ्या बाईची काय असेल, याची कल्पना करता येते. त्यांची दृष्टी गेली की त्या दिवसापासून घरची चूल अडते. छायाचित्र काढणे आता सोपे आणि स्वस्त झाले आहे. त्यानंतरचा रस्ता तितकाच सोपा करण्याची जबाबदारी कोणत्याही यंत्राची नाही. ती शासनाची आहे, आणि त्याबद्दल शासनाला जाब विचारणाऱ्या समाजाची आहे.